सैबेरियातलं बिऱ्हाड

मागच्या अंकात रशियातल्या थंडीबद्दल लिहिताना एक वाक्य जाता जाता लिहून गेले: सेलेंगा नदीच्या काठी मी एका मिशनरी मडमेच्या थडग्यापाशी उभी होते आणि वाऱ्याने डोक्यावरचा रुमाल उडवून नेला. रुमालाची चौकशी कोणी केली नाही. मडमेबद्दल (मार्था यूल तिचं नाव) मात्र इतकी पत्रं आली की हा महिना तिलाच द्यावा म्हटलं.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी नाशिकची, शरणपूरच्या मिशन वस्तीत वाढलेली. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले. पुढे ओझरला सुखोई-३० चं काम सुरू झालं, तेव्हा दुभाषी म्हणून इर्कुत्स्कच्या विमान कारखान्यात जाऊन राहिले. दिवसभर रिव्हेट, गॅस्केट, हायड्रॉलिक पंप असले शब्द इकडचे तिकडे करायचे. रविवार तेवढा माझा.

प्रश्न : ताई, रशिया हजार वर्षांपासून ख्रिस्ती. मग तिथे इंग्रज मिशनरी कशाला गेले? आणि तेही बायकोला घेऊन? (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : देश ख्रिस्ती होता, पण आत राहणारे सगळे नव्हते. बैकाल सरोवर ओलांडलं की बुर्यात लोकांचा मुलूख लागतो. मंगोल वंशाची, गुरंघोडी पाळणारी ही माणसं. काही लामांना मानणारी, काही शामानकडे जाणारी. शामान म्हणजे आपल्याकडच्या भगताचा चुलतभाऊ समजा. डफ वाजवतो, त्याच्या अंगात येतं, मग तो दुखण्याचं कारण सांगतो.

१८१७ च्या सुमारास राजधानी सेंट पीटर्सबर्गमध्ये रशियन बायबल सोसायटीचं काम जोरात होतं. झार पहिला अलेक्झांडर तिच्या पाठीशी आणि त्याचा मंत्री प्रिन्स गोलित्सिन तिचा अध्यक्ष. बुर्यातांच्या खोरी शाखेतले दोन मानकरी, बादमा आणि नोम्तू, शुभवर्तमानाच्या भाषांतराला हातभार लावायला एवढ्या लांबून राजधानीत आले होते. लंडन मिशनरी सोसायटीला वाटलं, दार उघडलंय. (बेळगाव, बेल्लारीकडे जिचं काम होतं, तीच ही सोसायटी.) तिने एडवर्ड स्टॅलीब्रास नावाच्या तेवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाला पाठवलं. त्याची बायको सॅरा, नुकतंच लग्न झालेली. सोबत स्वीडनचा कॉर्नेलियस राम्न आणि त्याची बायको बेट्टी.

ही दोन बिऱ्हाडं ऐन हिवाळ्यात निघाली. वेडेपणा वाटतो ना? मलाही वाटला होता. पण आमच्या कारखान्यातला एक म्हातारा फोरमन म्हणाला, सैबेरियात लांबच्या प्रवासाला हिवाळाच बरा. उन्हाळ्यात रस्त्याचा चिखल होतो, नद्या आडव्या येतात, डास जिवंत सोलतात. हिवाळ्यात सगळं गोठून एकच सपाट रस्ता होतो आणि त्यावरून घसरगाडी पळते. मॉस्कोत त्यांना खुद्द झारची भेट मिळाली. तिथून पुढे हजारो किलोमीटर बर्फावरून जाऊन १८१८ च्या मार्चअखेर ती इर्कुत्स्कला पोहोचली. मी हाच रस्ता विमानाने कापला, तेव्हा खालचं पांढरं काही संपेचना. जेवण झालं, डुलकी झाली, पुन्हा खिडकीतून बघते तर तेच.

बेट्टीची तब्येत तिथल्या हवेत टिकली नाही. राम्न दांपत्य वर्षभरात व्होल्गाकाठी सारेप्ता गावी, काल्मिक लोकांकडे गेलं. एडवर्ड आणि सॅरा १८१९ मध्ये बैकालपलीकडे सेलेंगिन्स्कला गेले. पुढच्या वर्षी दोन स्कॉटिश मिशनरी येऊन मिळाले. एक विल्यम स्वॉन, तेव्हा अविवाहित. दुसरा रॉबर्ट यूल, त्याच्याबरोबर बायको मार्था. जागा कोणती, तर खाम्बो लामाच्या, म्हणजे बुर्यात बौद्धांच्या सर्वोच्च लामाच्या मठापासून फार लांब नाही. आपल्याकडे कोणी पंढरपुरात बिऱ्हाड करून वारकऱ्यांना नवी वाट सांगायला बसावं, तसंच हे.

नंतर काम वाढलं तसे ते पांगले. यूल सेलेंगिन्स्कलाच राहिला. स्टॅलीब्रास कुटुंब खोदोनला गेलं, स्वॉन ओना नदीकाठी. तिघांचं सख्य होतं असं समजू नका. यूल आणि बाकीचे दोघे यांच्यात बरंच धुसफुसत असे. मिशन कंपाउंडमध्ये वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

प्रश्न : मिशनरी साहेबांची चरित्रं आम्ही शब्बाथशाळेत ऐकली. पण मडमा दिवसभर काय करायच्या? त्यांच्याबद्दल एक ओळही कोणी सांगत नाही. (एक शिक्षिका, अहिल्यानगर)

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

माझी इर्कुत्स्कची घरमालकीण सत्तरीची होती. तिने मला पहिल्याच ऑक्टोबरात कामाला लावलं. खिडकीला दोन तावदानं असतात, त्यांच्यामधल्या फटीत कापूस भरायचा, वरून कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या. एक फट राहिली तर रात्रभर सुरीसारखा वारा येतो. ती सांगायची, तिच्या लहानपणी बाजारात दूध ताटलीत गोठवून चकत्यांनी विकायचे. मध्ये दोरी गोठवलेली असायची, ती धरून कंदिलासारखं घरी न्यायचं. सकाळी चूल पेटेपर्यंत घरातलं पाणीही दगड. हे सगळं वीज आणि रेल्वे असलेल्या शहरात. सॅरा आणि मार्था या दोघींकडे रेल्वे नव्हती, डॉक्टर नव्हता, आणि विलायतेहून पत्र यायला महिने लागत.

अशा घरात त्यांची बाळंतपणं झाली. मुलांना लिहायला-वाचायला त्याच शिकवत. बुर्यात मुलं शिकायला येऊन राहत, त्यांच्या जेवणाखाण्याचं बघणं आलं. मुलींना वाचन, शिवण शिकवणं आलं. आजारी माणूस दारात आला की औषधाची पेटी काढणं आलं. सोसायटीच्या वहीत मिशनरी म्हणून नाव नवऱ्याचं. आमच्या शरणपुरातही म्हाताऱ्या बाया मडमांच्याच गोष्टी सांगायच्या, कोणी कुणाचं बाळंतपण केलं, कोणी स्वेटर विणायला शिकवलं. साहेबांचं एकही प्रवचन त्यांच्या लक्षात नव्हतं.

मार्था यूल १८२७ मध्ये सेलेंगिन्स्कला वारली. तिची लेकरंही तिथल्याच मातीत आहेत. मी पाहिलं ते स्मारक तिचं. सॅरा १८३३ मध्ये खोदोनला गेली. एडवर्ड मुलांना घेऊन मायदेशी आला, १८३५ मध्ये शार्लटशी लग्न केलं आणि तिलाही घेऊन खोदोनला परतला. चार वर्षांत तीही गेली. त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल ते असो, पण शार्लटचं मला राहून राहून वाटतं. पहिलीची कबर दिसते त्या घरात दुसरीने संसार मांडायचा, हे काय सोपं असतं?

मुलांचंही सांगते. सॅराचा मुलगा जेम्स स्टीव्हन पुढे विलायतेत भाषांचा अभ्यासक झाला. याकोब ग्रिमचा जर्मन पुराणकथांवरचा मोठा ग्रंथ त्याने इंग्रजीत आणला. घरात इंग्रजी, अंगणात बुर्यात, बाजारात रशियन, अशा ठिकाणी वाढलेलं पोर दुसरं काय करणार!

प्रश्न : मी थोडं वाचलं. बावीस वर्षं राबले आणि विश्वासात आलेली माणसं मूठभर. खरं सांगा ताई, हे अपयशच ना? (एक निवृत्त पाळक, सोलापूर)

उत्तर : पाळकसाहेब, हा टोमणा त्यांच्या हयातीतही मारला गेला. ब्रिटिश नौदलाचा कॅप्टन कॉक्रेन सैबेरिया पालथा घालत सेलेंगिन्स्कला पोहोचला होता. त्याने परत गेल्यावर या मिशनच्या निष्फळपणावर खवचट लिहिलं. त्यांच्याकडे पाहुणचार घेऊन, हे विशेष.

माणसं मोजायची तर तुमचं बरोबर आहे. पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे कायदा. त्या काळच्या रशियात अन्यधर्मीय माणसाला ख्रिस्ती व्हायचं तर सरकारमान्य वाट ऑर्थोडॉक्स चर्चची. यांनी शिकवावं, औषध द्यावं, पुस्तकं वाटावीत. मंडळी, म्हणजे स्वतःचं चर्च, स्थापन करायला गेले की हात बांधलेले. अलेक्झांडर गेला, पहिला निकोलस आला आणि १८२६ मध्ये बायबल सोसायटीच बंद झाली. १८४० मध्ये पवित्र सिनॉडच्या, म्हणजे रशियन चर्चच्या सर्वोच्च मंडळाच्या, सांगण्यावरून मिशनही गुंडाळायला लावलं. बुर्यातांनी त्यांना हाकललं नाही, लामांनीही नाही. हुकूम पीटर्सबर्गहून आला.

दुसरी गोष्ट त्यांच्या टेबलावरची. जुना करार त्यांनी मूळ हिब्रूवरून लिखित मंगोल भाषेत उतरवला. ही लिपी वरून खाली लिहितात. पानावर पावसाच्या धारा उतरल्यासारख्या ओळी दिसतात. छपाईसाठी त्या लिपीचे खिळे जुळवायचे, तेही त्या आडरानात. छपाईचं काम बघायचा जॉन अबरक्रॉम्बी. नाव स्कॉटिश, माणूस कॉकेशसचा. तिथल्या कारास गावच्या स्कॉटिश मिशनने लहानपणी त्याला पैसे भरून गुलामीतून सोडवलं, नाव दिलं, छापखान्यात शिकवलं. हे वाचून मी खुर्चीतून उठलेच, कारण आमचं शरणपूरही गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांचं घर होतं. तिथली काही मुलं पुढे लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेच्या सफरीवर गेली.

१८४० पर्यंत जुना करार छापून झाला, म्हणजे हुकूम येईपर्यंत काम हातावेगळं. नवा करार १८४६ मध्ये लंडनमध्ये छापला. १८७० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचाच जेम्स गिल्मोर मंगोलियात गेला, तेव्हा त्याला लोकांच्या भाषेतलं शास्त्र तयार मिळालं.

आणि आपल्याकडे तरी काय होतं? अमेरिकन मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला. १८२६ मध्ये आमच्या नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना पटकीने वाटेतच गेला. त्याच्या खात्यावर किती माणसं मांडाल? तरी आपण त्याचं नाव घेतो.

प्रश्न : रशियन लोकांनी स्वतः असे मिशनरी पाठवले होते का? (एक विद्यार्थी, वसई)

उत्तर : हो, आणि त्यातलं एक कुटुंब तर इर्कुत्स्कचंच. फादर इओआन वेनियामिनोव्ह. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये साध्या धर्मगुरूला लग्न करता येतं, म्हणून संसार बरोबर. १८२३ च्या मे महिन्यात तो बायको, तान्हं मूल, म्हातारी आई आणि भाऊ यांना घेऊन निघाला. अलास्का तेव्हा रशियाचं. तिथल्या उनालाश्का बेटावर पोहोचायला चौदा महिने लागले. पठ्ठ्या सुतारकाम जाणणारा, घड्याळंही बनवायचा. घर आणि चर्च त्याने आपल्या हाताने बांधलं, अलेउत लोकांची भाषा शिकला, तिला लिपी दिली, मत्तयाचं शुभवर्तमान त्यात आणलं. बायको वारल्यावर साधू झाला, इनोकेंती नाव घेतलं आणि १८६८ मध्ये मॉस्कोचा मेट्रोपॉलिटन, म्हणजे रशियन चर्चमधल्या सर्वांत मोठ्या पदांपैकी एकावर बसला. इर्कुत्स्कमध्ये त्याचं नाव अभिमानाने घेतात. चौदा महिन्यांच्या त्या वाटेवर सुनेने सासूला कसं सांभाळलं, किंवा सासूने सुनेला, ते कोणी लिहून ठेवायला हवं होतं.

प्रश्न : माझा मुलगा रशियात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मराठी आणि केरळच्या मुलांची प्रार्थना होस्टेलच्या खोलीत घेतो. आता वर्गातल्या रशियन मुलांनाही बोलवायचं म्हणतोय. मला भीती वाटते. (एक आई, श्रीरामपूर)

उत्तर : भीती बरोबर आहे. त्याला हे पत्र वाचून दाखवा, माझ्या नावाने रागवा.

सोव्हिएत संघ मोडायच्या सुमारास, १९९० च्या कायद्याने तिथे मोकळीक आली आणि जगभरातून मिशनरी कुटुंबं आली. स्टेडियममध्ये सभा, रस्त्यावर बायबलवाटप. ते दिवस गेले. १९९७ च्या कायद्याने नोंदणीच्या अटी वाढल्या. २००७ पासून बऱ्याच व्हिसांवर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येऊ लागलं. त्यामुळे मुलांच्या शाळा लावून बसलेली मिशनरी कुटुंबं वर्षात दोनदा सामान बांधू लागली. आणि २० जुलै २०१६ पासून ज्याला तिथे यारोवाया कायदा म्हणतात तो लागू आहे. आपल्या संघटनेबाहेरच्या माणसाला आपल्या धर्माकडे वळवण्यासाठी सांगणं हे त्यात 'मिशनरी काम' धरतात. त्यासाठी नोंदणीकृत धार्मिक संस्थेचं अधिकारपत्र जवळ लागतं, आणि राहत्या जागेत ते करायला मनाई आहे. परदेशी माणसाने नियम मोडला तर ३० ते ५० हजार रुबल दंड, वर देशाबाहेर पाठवणी होऊ शकते. दुसऱ्या वर्षाचा मुलगा परत आला तर फी गेली, वर्षं गेली.

चार विश्वासणारी मुलं आपापसात स्तोत्र गातात, ते वेगळं. वर्गमित्राला निमंत्रण, मोबाइलच्या ग्रुपवर जाहिरात, हे नको. मोठ्या शहरात बाप्टिस्ट, लुथरन, कॅथलिक अशी नोंदणी असलेली मंडळी असते. त्याला रविवारी तिकडे जाऊ द्या. तिथल्या पाळकाला नियम पाठ असतात, कारण त्यालाच भोगावे लागतात. रशियन मित्राला यायचं असेल तर तोही आपल्या पायांनी तिथे येईल.

कागदपत्रांच्या बाबतीत तर दुसऱ्यावर विसंबूच नये. माझी निवास नोंदणी एका कार्यालयातल्या बाईने चुकीच्या तारखेची केली. दंड मी भरला. तिने मला वर चॉकलेट दिलं, तेही मी खाल्लं.

प्रश्न : ते थडगं बघायला जायचं असेल तर कसं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : इर्कुत्स्कहून उलान-उदेची रेल्वे पकडा, सात-आठ तास. डाव्या बाजूची खिडकी मागा, बैकाल तिकडेच दिसतं. उलान-उदेच्या चौकात लेनिनचं नुसतं डोकं आहे, पावणेआठ मीटर उंच. त्याला नमस्कार-चमत्कार करून क्याख्त्याच्या रस्त्याला लागा. शंभरेक किलोमीटरवर नोवोसेलेंगिन्स्क, म्हणजे नवं सेलेंगिन्स्क. तिथे डिसेंबरवाल्यांचं संग्रहालय आहे. डिसेंबरवाले म्हणजे १८२५ मध्ये झारविरुद्ध उठलेले सरदार. त्यांच्यातले बेस्तुझेव्ह बंधू १८३९ मध्ये इथे राहायला आले, म्हणजे मिशन संपता संपता. संग्रहालयातच 'अंग्लीस्की पाम्यातनिक' कुठे म्हणून विचारा, इंग्रजांचं स्मारक.

मला बुर्यात ड्रायव्हरने नेलं होतं. वाटेत एका खिंडीशी त्याने गाडी थांबवली, बाटलीतलं थोडं दूध अनामिकेने चारी दिशांना शिंपडलं, मग पुढे. स्मारक म्हणजे उघड्या माळावरचा एक दगडी सुळका. आजूबाजूला वाळू, खुरटं गवत, खाली सेलेंगा. त्याच्या पायाशी कोणीतरी रुबलची नाणी ठेवली होती. ड्रायव्हरला विचारलं, इथे कोण आहे माहीत आहे का? म्हणाला, कोणाची तरी आई. त्यानेही खिशातून एक नाणं काढून ठेवलं.

परतताना गावात पोझी खा. आपल्या उकडीच्या मोदकाचाच घाट, आत मटणाचं सारण. आधी कडेला छोटं भोक पाडून आतला रस ओढायचा. मी पहिला घास सरळ चावला आणि रस कोपरापर्यंत गेला, तेव्हा ड्रायव्हर हसला तो उलान-उदेपर्यंत हसतच होता.